सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचा खर्च कुणी करायचा, आणि नळ कुणाच्या हातात?

वाशीला मास मीडिया शिकणाऱ्या ऐरोलीच्या एका मुलाने मला विचारलंय, "ताई, आकाशवाणी आणि दूरदर्शनला आमच्या टॅक्समधून पैसे का द्यायचे? जाहिरातींवर चालत नसतील तर बंद करा, नाहीतर इंग्लंडसारखी लायसन्स फी लावा. यातलं बरोबर काय?" त्याला प्रोजेक्टसाठी पानभर उत्तर हवं होतं, पण मी एका सार्वजनिक रेडिओ केंद्रावर एकतीस वर्षं नोकरी केली, ट्रान्समिशन एक्झिक्युटिव्ह म्हणून लागले आणि प्रोग्रॅम एक्झिक्युटिव्ह म्हणून रिटायर झाले, त्यामुळे पानभरात मला हे सांगता येणार नाही.

माझं मत आधी सांगून टाकते. पैसा लोकांचाच हवा, पण तो दरवर्षी कुणाकडे तरी हात पसरून आणायला लागता कामा नये. किती रक्कम मिळते याच्यावर सगळे भांडतात, मी आत बसून बघितलंय की त्याहून जास्त फरक पडतो तो रक्कम कोण ठरवतं, किती वर्षांसाठी ठरवतं, आणि त्यातले कार्यक्रमावर खर्च करायला हातात किती उरतात याने.

एक गोष्ट सांगते. नव्वदच्या आसपासची. आम्ही घणसोलीला एका म्हाताऱ्या धवलारणीचं रेकॉर्डिंग करायला गेलो होतो. धवलारीण म्हणजे आगरी-कोळी लग्नात धवले गाणारी बाई, नुसती गाणारी नाही, हळदीपासून पुढचे सगळे विधी तिच्या गाण्यावर चालतात, आणि हे सगळं तोंडी. खांद्याला लावायचा टेप रेकॉर्डर, चार स्पूल म्हणजे टेपची रिळं, आणि मी. आजी ओटीवर बसल्या, आधी म्हणाल्या लग्न नसताना धवला म्हणायचा नसतो, मग सुनेने समोर एक पाट मांडला, त्यावर तांदूळ आणि सुपारी ठेवली आणि म्हणाली समजा आता मांडव घातलाय, तेव्हा कुठे त्यांनी सुरुवात केली आणि मग साडेतीन तास थांबल्या नाहीत. बाहेर तेव्हा खाडीकडून वारा यायचा, दोन ठिकाणी तो टेपवर पण आला होता. त्यातला अर्धा तास एडिट करून आम्ही लावला. बाकीचे तीन तास टेप लायब्ररीत ठेवले.

पुढे कधीतरी एका वर्षी टेप खरेदीची रक्कम मंजूर होऊन आलीच नाही. नवीन स्पूल नाहीत आणि रोजचं प्रसारण तर थांबवता येत नाही, मग वरून यादी निघाली की ब्रॉडकास्ट झालेले आणि "कायमस्वरूपी जतन" असा शिक्का नसलेले स्पूल इरेज करून पुन्हा वापरायला काढा. मी तेव्हा रजेवर होते. परत आले तेव्हा त्या खोक्यांवर मी पेनाने लिहिलेलं "धवले, घणसोली" हे खोडून त्याच्यावर कुठल्यातरी भाषणमालेचं नाव लिहिलेलं होतं. आजी वारल्यावर त्यांची नात आली होती रेकॉर्डिंग मागायला, तिला मी अर्ध्या तासाची एडिट केलेली कॉपी दिली. ती म्हणाली, पण आजी तर दुपारभर गात होती ना? केंद्राचं नाव मी घेणार नाही, कारण तिथल्या कुणाचीही ही चूक नव्हती, ज्याने इरेज केलं त्याला उद्या सकाळचं रेकॉर्डिंग कशावर करायचं हा प्रश्न होता.

सांगायचं हे की एका वर्षी पैसे आले नाहीत तर फक्त त्या वर्षाचं नुकसान होत नाही.

आता तुझ्या तीन पर्यायांकडे येऊ. लायसन्स फी तुला इंग्लंडची वाटते, पण ती आपल्याकडेच होती. माझ्या वडिलांचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक अजून माझ्याकडे आहे, नौपाड्यात राहायचो आम्ही, दरवर्षी पोस्टात जाऊन फी भरायची आणि पोस्टवाले त्यात तिकीट चिकटवून शिक्का मारायचे. लायसन्स नसलेला रेडिओ घरात ठेवणं हा गुन्हा होता. ऐंशीच्या दशकात हे लायसन्स बंद झालं, कारण स्वस्त ट्रान्झिस्टर घरोघरी, शेताच्या बांधावर, बैलगाडीत पोचले होते, कोण कुणाच्या मागे फिरणार.

त्याच्याही मागे जा. मुंबईत रेडिओ सुरू केला तो सरकारने नाही, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाच्या खासगी कंपनीने, २३ जुलै १९२७ ला. रेडिओ लायसन्स वर्षाला १० रुपये, त्यातले ८० टक्के कंपनीला मिळायचे. अख्ख्या देशात लायसन्सधारक फक्त काही हजार, आणि लायसन्स न काढता ऐकणारे भरपूर. तीन वर्षांच्या आत, १९३० मध्ये, कंपनी बुडाली आणि सरकारला ती चालवायला घ्यावी लागली, १९३६ मध्ये तिचंच नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. म्हणजे "खासगी कंपनी आणि लायसन्स फी" हा प्रयोग आपल्याच शहरात करून झालाय.

ब्रिटनमध्ये ती फी अजून आहे, एप्रिल २०२५ मध्ये ती वर्षाला १७४.५० पौंड झाली. तिचा मोठा गुण हा की पैसा थेट प्रेक्षकाकडून येतो, त्यामुळे बीबीसीला जाहिरातदाराचं तोंड बघावं लागत नाही. पण फी किती हे शेवटी सरकारच ठरवतं, २०२२ मध्ये तिथल्या सरकारने ती दोन वर्षांसाठी १५९ पौंडांवर गोठवली, महागाई वाढत असताना, म्हणजे नळ हळूच पिळला. आणि गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखीच रक्कम, न भरल्यास फौजदारी खटला, त्यात शिक्षा होणाऱ्यांत बायकांचं प्रमाण खूपच जास्त, कारण तपासनीस दारावर येतो तेव्हा घरात बहुतेक वेळा बाईच असते. आपल्याकडे हे आणलं तर दिघ्याच्या चाळीत राहणारी आणि हिरानंदानीतल्या पस्तिसाव्या मजल्यावरची, दोघींना सारखीच पावती. शिवाय टीव्हीच्या खोक्यावर फी लावायची तर तुझ्या पिढीच्या घरात खोकं कुठेय, सगळं मोबाईलवर. तेव्हा लायसन्स फी, माझ्या मते, आपल्यासाठी नाही.

जाहिराती. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बहुतेकांना हाच मार्ग साधा वाटतो. विविध भारतीवर जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ ला सुरू झाल्या, मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून, आणि दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून. गाण्यांच्या वाहिनीवर जाहिराती घेण्यात मला काहीच गैर वाटत नाही, घ्याव्यात, लोकांनाही त्या जिंगल आवडायच्या. पण जाहिरातदार कार्यक्रम विकत घेत नसतो, तो कान विकत घेतो, आणि तेही खिशात पैसे असलेले कान. आमच्याकडे आठवड्यातून एकदा संध्याकाळी साडेसातला कातकरी श्रोत्यांसाठी कार्यक्रम असायचा. भिवंडी, शहापूर, मुरबाडकडच्या वीटभट्ट्यांवर काम करणारी माणसं, दिवसभर मातीत, संध्याकाळी चूल पेटली की एक रेडिओ आणि भोवती दहा-बारा जण. त्यात रोजगार हमीच्या कामाची मजुरी किती, उचल घेतली तर हिशोब कसा ठेवायचा, कुठल्या गावात लसीकरण, असं सगळं त्यांच्या भाषेत, त्यांच्यातल्याच एका बाईच्या आवाजात. एका वर्षी महसुलाचं टार्गेट आलं, साडेसातला प्रायोजित कार्यक्रम मिळाला आणि आमचा कार्यक्रम दुपारी दोनला गेला. कागदावर कार्यक्रम चालूच, फिक्स पॉइंट चार्टमध्ये, म्हणजे कार्यक्रमांच्या ठरलेल्या वेळापत्रकात, त्याची ओळ होती. पण दुपारी दोनला भट्टीवर रेडिओ कोण लावणार? श्रोत्यांची पत्रं बंद झाली, तसे पत्रं लिहिणारे तिथे दोनच होते, एक शाळामास्तर आणि एक सुपरवायझर, आणि वर्षभराने "प्रतिसाद नाही" असा शेरा मारून तो बंदच झाला.

कुणी मुद्दाम गरिबांच्या विरुद्ध काही केलं नव्हतं बघ. टार्गेट जाहिरातीचं असलं की घड्याळ आपोआप पैसेवाल्याच्या सोयीने फिरतं.

२६ जुलै २००५ पण आठव. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, लोकल बंद, वीज बंद, मोबाईल लागत नव्हते. तू तेव्हा जन्मलेला नसशील कदाचित. मी त्या रात्री ड्युटी रूममध्ये होते, दुसऱ्या दिवशीही तिथेच, घरी ठाण्याला जायला रस्ताच नव्हता. लँडलाईनवर फोन येत होते, बदलापुरात पाणी कुठपर्यंत आलं, कळव्याला उतरता येईल का, शाळेची बस कुठे अडकलीय, आणि आम्ही खात्री करून करून ते बोलत होतो. नंतर सोसायटीत कळलं की आमच्या मजल्यावरच्या काकांचा सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर जिन्यात ठेवून चार मजल्यांचे लोक पायऱ्यांवर बसून ऐकत होते. त्या रात्रीचं बिल कुठल्या साबणाच्या नावावर फाडायचं? अशी रात्र दहा वर्षांतून एकदा येते पण तिच्यासाठी माणसं, ट्रान्समीटर आणि डिझेल रोज तयार ठेवावं लागतं.

तिसरा पर्याय सरकारी अनुदान, जे आज चालू आहे. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, पण अंमलात यायला सात वर्षं लागली, २३ नोव्हेंबर १९९७ ला महामंडळ झालं. नाव स्वायत्त, पण पैसा दरवर्षीच्या बजेटमधून, माहिती आणि प्रसारण मंत्रालयामार्फत. यातला मोठा भाग पगारात जातो, आणि पगार सरकारने उचलले हे चांगलंच झालं, मी त्यावरच घर चालवलं, पण त्यामुळे एक विचित्र गोष्ट होते, माणसाचा पगार येतो आणि त्या माणसाने कार्यक्रम करायला पैसे येत नाहीत. स्टुडिओ आहे, इंजिनियर आहे, मी आहे, पण मुरबाडहून येणाऱ्या गोंधळ्याला मानधन द्यायला एप्रिल ते जुलै हेड, म्हणजे त्या खर्चाचं खातं, रिकामं, आणि मग फेब्रुवारीत पत्र येणार की ३१ मार्चच्या आत खर्च करा नाहीतर रक्कम लॅप्स होईल. मग मार्चमध्ये रोज पाच-पाच रेकॉर्डिंग, घाईघाईत, जो मिळेल तो कलाकार. एका संबळवाल्याला मी स्वतः बोलावलं होतं, त्याचा चेक आठ महिन्यांनी निघाला, त्याचं एसटीचं भाडं त्याने उसनं घेतलं होतं हे मला नंतर कळलं, आणि पुन्हा त्याला बोलवायची माझी हिंमत झाली नाही.

मोठी सरकारी योजना पण आली, जानेवारी २०२३ मध्ये २,५३९ कोटींची बाइंड योजना मंजूर झाली, ट्रान्समीटर, स्टुडिओ, नवीन यंत्रं यासाठी मुख्यतः. गरजेचंच होतं ते. पण यंत्राला पैसा मिळणं सोपं असतं, त्याचं टेंडर निघतं, उद्घाटन होतं. धवलारणीच्या तीन तासांचं उद्घाटन होत नाही.

आणि मुख्य दुखणं, जो अनुदान देतो तो थांबवूही शकतो. २०१८ मध्ये प्रसार भारतीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनीच जाहीर सांगितलं होतं की मंत्रालयाकडून पगाराचे पैसे न आल्यामुळे राखीव निधीतून पगार करावे लागले. मंत्रालयाने करारावर सही झाली नाही वगैरे बाजू मांडली. कोण बरोबर ते बाजूला ठेव, पण ज्याच्या बातम्या द्यायच्या त्याच्याच दारात पगारासाठी उभं राहायचं, ही रचनाच चुकीची आहे. पक्ष कुठलाही असो, मी तीन-चार सरकारं बघितली, वरून येणाऱ्या फोनचा सूर सारखाच असतो.

हे फक्त आपलं नाही. अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक प्रसारणासाठी एक महामंडळ केलं, त्याला पैसा दोन वर्षं आधीच मंजूर करून ठेवायची पद्धत होती, म्हणजे आजचा रागावलेला नेता उद्याचा कार्यक्रम बंद करू शकणार नाही असा विचार. तरी २०२५ च्या जुलैमध्ये तिथल्या संसदेने आधी मंजूर केलेले १.१ अब्ज डॉलर परत काढून घेतले आणि त्या महामंडळाला गाशा गुंडाळायची घोषणा करावी लागली. सगळ्यात जास्त फटका खेड्यापाड्यातल्या छोट्या स्टेशनांना, कारण मोठ्या शहरात देणगीदार मिळतात.

मला सगळ्यात पटते ती जर्मनीची पद्धत. २०१३ पासून तिथे टीव्ही असो नसो, घरटी वर्गणी आहे, महिन्याला १८.३६ युरो. रक्कम ठरवताना प्रसारक आपली गरज मांडतात, एक स्वतंत्र आयोग ती तपासतो, काटछाट करतो, आणि मग राज्यं मान्यता देतात. २०२० च्या शेवटी एका राज्याने ८६ सेंटची वाढ अडवून धरली तेव्हा त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की पुरेसा निधी नाकारणं म्हणजे प्रसारण स्वातंत्र्यावरच घाला, आणि वाढ लागू केली. फिनलंडने उत्पन्नानुसार कर लावलाय, कमी कमावणाऱ्याला नाही, ते पण चांगलं आहे, पण आपल्याकडे इन्कम टॅक्स भरणारेच इतके कमी की ते जमणार नाही.

मग आपण काय करावं? माझं म्हणणं, जर्मनीसारखा स्वतंत्र आयोग घ्यावा, पण नवीन कर नकोच. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने क्रिकेट प्रसारणाच्या खटल्यात सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या लहरी वापरून कमावणारे सरकारला आधीच पैसे देतात, खासगी एफएमवाले लिलावाची बोली आणि दरवर्षी उत्पन्नातला वाटा, डीटीएचवाल्यांना २०२० च्या नियमांत ८ टक्के फी, टेलिकॉम कंपन्या स्पेक्ट्रमचे. हे सगळं संचित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीत, जाऊन मिसळतं. लोकांच्या लहरींच्या भाड्यातला एक ठरलेला हिस्सा लोकांच्या रेडिओ-टीव्हीला द्या, एवढंच मागणं आहे.

हे स्वप्नरंजन नाही, टेलिकॉममध्ये हेच झालंय. खेड्यात फोन पोचवायला कंपन्यांच्या उत्पन्नातून ५ टक्के बाजूला काढायचा युनिव्हर्सल सर्व्हिस फंड २००२ पासून आहे, आता त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. पण त्यातून एक धडाही घ्यायचा, तो पैसा आधी संचित निधीत जातो आणि मग बजेटमधून सोडावा लागतो, त्यामुळे वर्षानुवर्षं हजारो कोटी गोळा झाले आणि वापरायला मिळाले नाहीत. नुसता हिस्सा बाजूला काढून भागत नाही हे मी ठासून सांगते, तो लॅप्स न होणारा पाहिजे, आणि शक्य असेल तर न्यायाधीशांच्या पगारासारखा भारित खर्च म्हणून, ज्यावर दरवर्षी मतदान होत नाही. हिस्सा किती ते ठरवायला पाच वर्षांनी एक छोटा आयोग, राज्यांचा वाटा ठरवायला वित्त आयोग बसतो ना, तसा, त्यात हिशोब तपासणारे, जुने न्यायाधीश, आणि माझा आग्रह आहे की कार्यक्रम केलेली दोन माणसं तरी पाहिजेत.

आणि या निधीतून पगार, इमारत, टॉवर काही नाही. ते सरकारने आत्तासारखं उचलावं. हा निधी फक्त कार्यक्रम, बातमीदारी आणि जतन यासाठी, त्यातला ठराविक वाटा प्रादेशिक केंद्रांना थेट, दिल्लीवरून फिरून न येता. डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत छत्री सेवेवरचे स्लॉट, म्हणजे वाहिन्यांच्या जागा, लिलावात विकून प्रसार भारती आजही शेकडो कोटी कमावते, तुर्भे-कळव्याच्या पत्र्यांवर त्या छत्र्या तू बघितल्या असशील, महिन्याचं भाडं नाही म्हणून कोट्यवधी घरं ती वापरतात. ती कमाई राहू दे, विविध भारतीच्या जाहिरातीही राहू देत, पण संध्याकाळचे काही तास कायद्याने राखीव, तिथे प्रायोजक येणारच नाही.

तुझा खरा आक्षेप मला माहितीये, एवढा पैसा दिला आणि सरकारचीच टिमकी वाजवली तर? आक्षेप बरोबर आहे. म्हणून पैसा आणि जाब विचारणं एकत्रच यायला हवं. कायद्याच्या कलम १३ मध्ये २२ खासदारांची समिती आहे, १५ लोकसभेचे, ७ राज्यसभेचे, प्रसार भारतीवर लक्ष ठेवायला. कलम १४ मध्ये श्रोत्या-प्रेक्षकांच्या तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद आहे. दोन्ही कागदावरच राहिल्या. म्हणजे मंत्रालयाला जाब द्यायचा पण लोकांना नाही, अशी उलटी गंगा. निधी मोकळा करताना या दोन गोष्टी आधी व्हायला पाहिजेत, नाहीतर मी स्वतःच म्हणेन देऊ नका.

प्रोजेक्टसाठी एक कर. मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्यांचं पुस्तक बजेटबरोबर ऑनलाइन येतं, त्यात प्रसार भारतीची ओळ काढ, पगार वेगळा कर, यंत्रसामग्री वेगळी कर, आणि कार्यक्रमाला काय उरतं ते तीन-चार वर्षांचं एकाखाली एक लिही. मग घेऊन ये माझ्याकडे, रविवारी सकाळी मी घरीच असते, वडिलांचं लायसन्सचं पुस्तक पण दाखवते. घणसोलीचा तो अर्धा तास मी सीडीवरून मोबाईलमध्ये घेतलाय, तोही ऐकवीन.